आफ्रिकेत एक सेमिस्टर: केप टाऊन, लेगॉन की फील्ड प्रोग्राम? (कोर्सेसबद्दल सांगा प्लीज)

अनघा_नाशिक

नमस्कार मंडळी. लेक अमेरिकेत मिडवेस्टमधल्या एका स्टेट युनिव्हर्सिटीत बॅचलर्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे, मेजर पब्लिक हेल्थ, मायनर सोशिऑलॉजी. पुढच्या वर्षी तिला एक सेमिस्टर आफ्रिकेत करायचंय. तिच्या कॉलेजने जी यादी दिली त्यातले तीन पर्याय तिने बाजूला काढलेत: एक, युनिव्हर्सिटी ऑफ केप टाऊनला थेट ॲडमिशन घेऊन तिथल्या मुलांबरोबर कोर्स करायचे, दोन, घानाची लेगॉनची युनिव्हर्सिटी, तिथेही तसंच, आणि तीन, केनिया-टांझानियात एका अमेरिकन संस्थेचा फील्ड प्रोग्राम, ज्यात युनिव्हर्सिटी नाहीच, पंधरा-वीस अमेरिकन मुलं, भाषेचे तास, एका घरी राहणं आणि शेवटी महिनाभर स्वतःचा प्रोजेक्ट.

सेफ्टी, मच्छर, "एवढ्या लांब कशाला" हे सगळं आमच्या घरी बोलून झालंय, तिच्या आजीपासून सगळ्यांनी मत दिलंय, त्यामुळे इथे कृपया ते नको. मला अभ्यासाचं विचारायचंय. मी स्वतः ज्युनियर कॉलेजला बायो शिकवते म्हणून डोक्यात तेच येतं, की तिथे नेमकं काय शिकवतात, परीक्षा कशी असते, ते मार्क अमेरिकेत धरतात का, आणि डिग्री एक सेमिस्टर लांबणार तर नाही ना. ती F-१ वर (स्टुडंट व्हिसा) आहे, पासपोर्ट भारतीय. कोणी स्वतः केलंय का, किंवा तिकडे राहणारं कोणी?

भोचक_भाऊ

ताई, सेफ्टीचं विचारू नका म्हणालात म्हणून नाही बोलत, पण लाखो रुपये भरून अमेरिकेत पाठवलं ते अमेरिकेत शिकायला ना? मग तिथून आफ्रिकेत कशाला? युरोपात तरी जा म्हणावं.

अनघा_नाशिक

भाऊ, आजीचं आणि तुमचं एकमत झालं. पुढे?

केपकर

मी केलंय, यूसीटीला (केप टाऊनच्या युनिव्हर्सिटीला) एक सेमिस्टर, तेव्हा मीही अमेरिकेतच बॅचलर्सला होतो. लांबलचक लिहितोय, चहा घेऊन बसा.

पहिलं म्हणजे वर्ष उलटं आहे. दक्षिण गोलार्ध, शैक्षणिक वर्ष फेब्रुवारीत सुरू होतं आणि नोव्हेंबरला संपतं. पहिलं सेमिस्टर फेब्रुवारी ते जून, दुसरं जुलै ते नोव्हेंबर. म्हणजे अमेरिकेच्या स्प्रिंगच्या जागी गेली तर जानेवारीत घरी बसून राहील आणि जूनच्या शेवटापर्यंत तिकडेच, उन्हाळ्याच्या इंटर्नशिपवर पाणी. फॉलच्या जागी गेली तर जुलैत निघावं लागतं पण डिसेंबर मोकळा मिळतो. आमच्या बॅचला अर्ध्या लोकांनी हे कॅलेंडर न बघताच फॉर्म भरले होते.

दुसरं, तिकडे बॅचलर्स तीन वर्षांचं असतं, चौथं वर्ष म्हणजे ऑनर्स, ते वेगळं. त्यामुळे कोर्स कोडमधला पहिला आकडा फार महत्त्वाचा. तीन अक्षरं, चार आकडे आणि शेवटी एक अक्षर असा कोड असतो. शेवटी एफ असेल तर पहिल्या सेमिस्टरचा, एस असेल तर दुसऱ्याचा, डब्ल्यू दिसला तर वर्षभराचा, त्याच्या नादी लागू नका. आकडा १ ने सुरू म्हणजे पहिलं वर्ष, २ म्हणजे दुसरं आणि ३ म्हणजे शेवटचं वर्ष. अमेरिकन पोरं "मी ज्युनियर आहे, मला ३ वालेच पाहिजेत" म्हणून तीन-तीन घेतात आणि मग रडतात. ह्युमॅनिटीजमध्ये दुसऱ्या वर्षाचा कोर्स २४ क्रेडिटचा, तिसऱ्याचा ३०, सायन्समध्ये तिसऱ्या वर्षाचे ३६. ते क्रेडिट अमेरिकेतल्या क्रेडिटसारखे नसतात, अपेक्षित अभ्यासाच्या तासांवर मोजतात, एक क्रेडिट म्हणजे साधारण दहा तास. तेव्हा ३० क्रेडिट म्हणजे किती ते तुम्हीच गुणा. दोन दुसऱ्या वर्षाचे आणि एक तिसऱ्याचा एवढं पुष्कळ झालं.

तिसरं, डीपी. हा शब्द तिला आत्ताच सांगून ठेवा. ड्यूली परफॉर्म्ड. म्हणजे ट्युटोरियलना हजेरी, निबंध वेळेत देणं, टेस्टला बसणं हे केलं असेल तरच फायनलला बसू देतात. नाहीतर डीपी रिफ्यूज्ड. आपल्याकडे टर्म ग्रँट न होण्यासारखा प्रकार. लेक्चरला दोनशे-तीनशे पोरं असतील तिथे कोणी बघत नाही, पण ट्युटला पंधरा-वीस जण आणि ट्युटर बहुतेक मास्टर्सचा विद्यार्थी, त्याला सगळ्यांची नावं पाठ. खरं शिक्षण त्या ट्युटमध्येच होतं असं माझं स्पष्ट मत. आमच्या सोशिऑलॉजीच्या ट्युटमध्ये एक मुलगा खायेलित्शाहून (शहराच्या कडेची काळ्या लोकांची गरीब वस्ती) मिनीबस टॅक्सी बदलत यायचा आणि एक मुलगी कॉन्स्टॅन्शियाच्या बंगल्यातून गाडीने, आणि विषय काय तर शहराची वर्णभेदी रचना! पुस्तकात वाचायची गरजच नाही, दोघं समोरासमोर बसलेले.

मार्क बघून घाबरू नका. ७५ म्हणजे फर्स्ट क्लास, ५० पास. ७५ च्या वर फार थोडे जातात. होम युनिव्हर्सिटीने ७५ ला ए धरला पाहिजे, नाही धरला तर जीपीए गेला. हे आधी लेखी घ्या.

आता तुमच्या लेकीसाठी महत्त्वाचं, आणि हे ब्रोशरमध्ये लिहीत नाहीत. यूसीटीचं हेल्थ सायन्सेस हे वेगळ्याच आवारात आहे, ऑब्झर्व्हेटरी नावाच्या भागात, ग्रूट स्कूर हॉस्पिटलला लागून (हो, तेच, १९६७ मध्ये बर्नार्डनी पहिलं हृदयरोपण केलं ते). तिथले कोर्स डॉक्टरकी, फिजिओ वगैरे ठरलेल्या अभ्यासक्रमांना बांधलेले असतात आणि पब्लिक हेल्थ बहुतांशी मास्टर्सला. सेमिस्टरपुरत्या पाहुण्याला तिथे शिरकाव मिळणं अवघड. म्हणजे "पब्लिक हेल्थ करायला केप टाऊनला चालले" असं असेल तर निराशा होईल. पण सोशिऑलॉजी, अँथ्रोपॉलॉजी, आफ्रिकन स्टडीज, स्टॅट्स यातून तिने जुळवलं तर सोनं आहे. एचआयव्हीच्या औषधांसाठी ट्रीटमेंट ॲक्शन कॅम्पेन १९९८ मध्ये याच शहरात उभी राहिली, खायेलित्शाच्या सरकारी दवाखान्यांत २००१ ला एमएसएफने (डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स) एआरव्ही, म्हणजे एचआयव्हीची औषधं, द्यायला सुरुवात केली, तेव्हा सरकार औषधालाच विरोध करत होतं. हा इतिहास शिकायला जगात याहून चांगली जागा नाही.

आफ्रिकन स्टडीजचं म्हणाल तर तिथे त्यावरून गाजलेलं भांडण आहे, मुंबईत जन्मलेले आणि कंपालात वाढलेले महमूद ममदानी (जोहरानचे वडील) तिथे प्रोफेसर होते आणि पहिल्या वर्षाला आफ्रिका शिकवायची म्हणजे नक्की काय शिकवायचं यावरून १९९८ मध्ये त्यांचं आणि फॅकल्टीचं जाहीर वाजलं. वाचायला सांगा तिला, कोर्स निवडायच्या आधी.

मिसळपाव_प्रेमी

केपकर, लायब्ररी जळाली ना तिथली?

केपकर

हो, एप्रिल २०२१, डोंगरावरचा वणवा खाली कॅम्पसात उतरला, जॅगर रीडिंग रूम गेली, आफ्रिकन स्टडीजच्या दुर्मिळ संग्रहाचा मोठा भाग गेला. तळघरातलं बरंचसं वाचलं. बॅचलर्सच्या अभ्यासाला त्याने काही अडत नाही.

वल्लरी_के

काकू, तीन नंबरचा पर्याय मी केलाय, पश्चिम केनियात, किसुमूला. संस्थेचं नाव नाही लिहीत कारण काही गोष्टी चांगल्या लिहिणार नाहीये.

चांगलं आधी. पहिले दोन महिने सकाळी किस्वाहिलीचे तास, मग सेमिनार, त्यात रोज कोणीतरी बाहेरचं येऊन बोलायचं, जिल्ह्याचा आरोग्य अधिकारी, किंवा किसियानच्या केम्री सेंटरमधली (केनियाची सरकारी वैद्यकीय संशोधन संस्था) मलेरियावर काम करणारी माणसं, किंवा गावातल्या सुईणी. घरी राहायचं ते कुटुंब लुओ, त्यामुळे शिकायचे स्वाहिली आणि घरात कानावर सगळं धोलुओ, ती एक वेगळीच मजा. मग शेवटचा महिना प्रोजेक्ट. मी डुंगा बीचवर ओमेना वाळवणाऱ्या बायकांशी बोलले. ओमेना म्हणजे व्हिक्टोरिया सरोवरातली बोटाएवढी चांदीसारखी मासळी, वाळूवर जाळं पसरून वाळवतात, आपल्याकडे अर्नाळ्याला सुकट घालतात तसं. आणि ती जाळी कुठली, तर मलेरियासाठी फुकट वाटलेल्या मच्छरदाण्या! यावर आधी रिसर्च झालेला आहे, मी काही शोध लावला नाही, पण "लोक अडाणी आहेत म्हणून मच्छरदाणी वापरत नाहीत" असं वर्गात ऐकणं वेगळं आणि त्या बाईने "माझ्याकडे चार आहेत, दोन फाटल्या, फाटक्यात झोपू का मासे वाळवू" असं तोंडावर विचारणं वेगळं. पब्लिक हेल्थचं सगळं त्या एका प्रश्नात आलं माझ्यासाठी.

आता दुसरी बाजू. मुलं सगळी अमेरिकन, वर्गात एकही केनियन विद्यार्थी नाही. परीक्षा वगैरे नावालाच, निबंध आणि जर्नल, सगळ्यांना ए नाहीतर ए वजा. अभ्यास म्हणून सोपं आहे हे कबूल केलं पाहिजे. पंधरा-सोळा क्रेडिट मिळतात आणि ते अमेरिकन ट्रान्सक्रिप्टवरच (गुणपत्रिकेवर) येतात त्यामुळे ट्रान्सफरची कटकट शून्य, पण फी पण अमेरिकन, आणि ती फी कुठे जाते ते आम्हाला शेवटपर्यंत कोणी नीट सांगितलं नाही, घरमालकीण आईला मिळणारे पैसे बघून तर मला लाज वाटली.

आणि मुख्य: माणसांच्या मुलाखती घ्यायच्या तर एथिक्सची परवानगी लागते. स्वतःच्या युनिव्हर्सिटीच्या आयआरबीची (माणसांवरच्या संशोधनाला परवानगी देणारी समिती) वेगळी आणि तिकडची वेगळी. केनियात रिसर्चचं लायसन्स नाकोस्टी देतं, टांझानियात कॉस्टेक, युगांडात यूएनसीएसटी. प्रोग्रामवाले म्हणतात आम्ही बघतो, तरी प्रत्यक्षात कोणाच्या नावाने काय परवानगी आहे ते कागद मागून बघायला सांगा. पुढे त्या डेटावर थिसिस करायचा असेल आणि होम आयआरबीला आधी विचारलं नसेल तर तो डेटा वापरता येत नाही. आमच्यातल्या एकीचा असाच सगळा महिना वाया गेला. पेशंट, लहान मुलं, एचआयव्ही असले विषय तर महिनाभराच्या प्रोजेक्टमध्ये घेऊच नयेत असं माझं मत, परवानगी मिळाली तरी.

अक्रावासी

अनघा, मी अक्राला राहते, मिस्टरांची नोकरी टेमाला, बरीच वर्षं झाली. लेगॉनला मी स्वतः डिग्री नाही केली पण इन्स्टिट्यूट ऑफ आफ्रिकन स्टडीजमध्ये ट्वी (इथली भाषा) शिकायला जायचे आणि दर वर्षी कोणा ना कोणाची पोरं तिथे सेमिस्टरला येतात, रविवारी वरण-भात खायला आमच्याकडे, त्यामुळे सगळ्या कहाण्या माहीत आहेत.

तुझ्या लेकीचा विषय पब्लिक हेल्थ आणि सोशिऑलॉजी म्हणतेस तर माझं मत लेगॉन. का ते सांगते. स्कूल ऑफ पब्लिक हेल्थ आहे, १९९४ पासून, मुख्य काम पदव्युत्तरच, म्हणजे केप टाऊनसारखीच अडचण इथेही थोडी आहेच. पण सोशिऑलॉजी, जिऑग्राफी इथे आरोग्याचे, लोकसंख्येचे पेपर असतात आणि ते शिकवणारी माणसं स्वतः फील्डवर काम केलेली. कॅम्पसवरच नोगुची इन्स्टिट्यूट ही वैद्यकीय संशोधन संस्था आहे. हिदेयो नोगुची हा जपानी शास्त्रज्ञ, पिवळ्या तापावर संशोधन करायला अक्राला आला आणि १९२८ मध्ये त्याच तापाने इथेच गेला, त्याच्या नावाने जपानने १९७९ ला ही संस्था बांधून दिली. करोनाच्या सुरुवातीला देशातल्या बहुतेक टेस्ट इथेच व्हायच्या.

आणि खरी गंमत उत्तरेला. नावरोंगो म्हणून गाव आहे, बुर्किना फासोच्या सीमेजवळ, तिथे १९९४ मध्ये प्रयोग सुरू झाला की नर्सला दवाखान्यातून काढून गावातच राहायला पाठवायचं, गावाने तिला घर बांधून द्यायचं, तिने दारोदार फिरायचं. तुलना करून बघितली, बालमृत्यू कमी झाले, मग १९९९ ला ते देशाचं धोरण झालं, त्याला चिप्स म्हणतात इथे. आता तू नाशिकची, तुला जामखेड माहीत असणार, आरोळे दांपत्याने १९७० पासून गावातल्याच बायकांना तयार केलं. गडचिरोलीत बंग डॉक्टरांनी घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घेणाऱ्या आरोग्यदूत उभ्या केल्या. एकीकडे गावचीच बाई, दुसरीकडे सरकारी पगारी नर्स गावात. कुठलं टिकतं, का टिकतं? तुझ्या लेकीने यावर टर्म पेपर लिहावा, तिच्या वर्गात हे लिहू शकेल अशी ती एकटीच असेल. अमेरिकेतली मुलं नावरोंगोबद्दल लिहितील पण जामखेडबद्दल त्यांना कोण सांगणार.

आता व्यवस्था, ती म्हणजे डोक्याला ताप. कोर्सची नोंदणी ऑनलाइन आहे म्हणतात, तरी परदेशी मुलांना पहिले दोन आठवडे डिपार्टमेंट ते डिपार्टमेंट फिरताना मी बघितलंय, ऊन हे एवढं, टाइमटेबल नोटीस बोर्डावर वेगळं आणि साइटवर वेगळं, दोन पेपर एकाच वेळी. म्हणून चार कोर्स पाहिजेत तर आठ-दहा मंजूर करून आणावेत. शिकवणं लेक्चर पद्धतीचं, वर्ग मोठे. मूल्यमापन ३० टक्के वर्षभराचं आणि ७० टक्के फायनल! ही ७० टक्क्यांची सवय अमेरिकेतल्या मुलांना नसते, आपल्या बोर्डाच्या मुलांना असते, तुझ्या लेकीने बारावी भारतातून केली असेल तर तिला उलट सोपं जाईल. ए ग्रेड ८० च्या वर. आणि परीक्षा दोन-तीन आठवडे चालतात, वेळापत्रक अगदी उशिरा लागतं, तेव्हा परतीचं तिकीट तारीख बदलता येईल असंच काढायचं.

आफ्रिकन स्टडीजचा एक पेपर इथल्या प्रत्येक बॅचलर्सच्या मुलाला सक्तीचा आहे, घानाचे पहिले राष्ट्राध्यक्ष एन्क्रूमा यांची कल्पना, १९६३ मध्ये त्यांनी स्वतः या इन्स्टिट्यूटचं उद्घाटन केलं. त्यात भाषा, ढोल, नाच, इतिहास असे पर्याय. परदेशी पोरं ढोल घेतात आणि मजा मारतात, मारू देत, पण तिला ट्वी घ्यायला सांग. बाजारात, दवाखान्यात, ट्रोट्रोत (शेअर मिनीबस) सगळीकडे लागते.

संप होतात. प्राध्यापकांच्या संघटनेचा २०२१ ला झाला, २०२२ च्या जानेवारीत पुन्हा झाला. खोटं कशाला सांगू. परदेशी मुलांचं युनिव्हर्सिटी कसंतरी निभावून नेते पण ताण येतोच.

भोचक_भाऊ

लेगॉनलाच गांधीजींचा पुतळा हलवला ना?

अक्रावासी

हो भाऊ. २०१६ ला प्रणवदांनी अनावरण केलं होतं, २०१८ च्या डिसेंबरमध्ये काढला. गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेत असताना काळ्या लोकांबद्दल जे लिहिलं त्यावरून प्राध्यापकांनीच मोहीम केली. भारतीय मुलीला वर्गात यावर कोणीतरी विचारणारच, चिडून नाही तर सहज. तयारीने जावं, बस.

ऑफिसची_बाई

मी अमेरिकेत एका युनिव्हर्सिटीच्या स्टडी अब्रॉड ऑफिसात काम करते, रोजचा धंदा हाच, त्यामुळे कागदपत्रांचं मी सांगते. वरती सगळ्यांनी देशांचं छान सांगितलंय पण डिग्री लांबते ती देशामुळे नाही, कागदामुळे.

कोर्स मंजुरी ही तीन प्रकारची असते आणि मुलं तिन्हीत गोंधळ घालतात. क्रेडिट मिळणं वेगळं, ते मेजरमध्ये धरणं वेगळं आणि जीपीएमध्ये धरणं वेगळं. ऑफिस म्हणतं "हो हो, क्रेडिट मिळेल", पण ते नुसते इलेक्टिव्ह म्हणून, आणि मेजरच्या दोन रिक्वायरमेंट तशाच उरतात. मेजरमध्ये धरायचं की नाही ते डिपार्टमेंट ठरवतं. म्हणून लेकीला सांगा, प्रत्येक कोर्सचा सिलॅबस (नुसतं दोन ओळींचं वर्णन नाही, वाचनाची यादी आणि मूल्यमापनासकट) मिळवून अॅडव्हायजरला मेल करायचा आणि उत्तर मेलवरच घ्यायचं. तोंडी "इट शुड बी फाइन" म्हणजे काही नाही. अॅडव्हायजर वर्षात बदलतात.

पब्लिक हेल्थच्या अभ्यासात एपिडेमिऑलॉजी, बायोस्टॅट असले जे कोर कोर्स असतील ते शक्यतो आपल्याच कॅम्पसवर करावेत, बाहेर न्यायचे ते इलेक्टिव्ह, मायनरचे पेपर आणि जनरल एज्युकेशन. तिचं मायनर सोशिऑलॉजी आहे हे फारच सोयीचं, अर्धं मायनर तिकडे उरकेल.

अनेक ठिकाणी शेवटचे ३० क्रेडिट स्वतःच्या कॅम्पसवर झाले पाहिजेत असा नियम असतो. आणि आफ्रिकेतल्या बऱ्याच युनिव्हर्सिटींचं ट्रान्सक्रिप्ट यायला महिने लागतात. दोन्ही कारणांनी शेवटच्या वर्षात अजिबात नको, तिसऱ्या वर्षीच जायचं. ट्रान्सक्रिप्ट येईपर्यंत सगळे निबंध, मार्क लिहिलेल्या उत्तरपत्रिका, ईमेल सांभाळून ठेवायचे, मी अशा फोटोंवरून मुलांचे क्रेडिट मिळवून दिलेत.

F-१ चं: ती होम युनिव्हर्सिटीत फुल टाइम नोंदलेली राहून, त्यांच्या मंजूर प्रोग्राममधून गेली तर सेव्हिस रेकॉर्ड (परदेशी विद्यार्थ्यांची अमेरिकन सरकारकडची नोंद) चालू राहतं. स्वतःच्या स्वतः ॲडमिशन घेऊन, इकडे सुट्टी टाकून गेली आणि पाच महिन्यांवर बाहेर राहिली तर नवा आय-२० (व्हिसासाठी युनिव्हर्सिटी देते तो फॉर्म) आणि सगळं परत पहिल्यापासून. आय-२० वर प्रवासाची सही नवी घ्यायची. आणि व्हिसाचा शिक्का परत येण्याच्या तारखेला चालू आहे का बघा! संपत असेल तर आता तिसऱ्या देशात जाऊन काढणं अवघड झालंय, आपल्या देशात नाहीतर राहत्या देशात अर्ज करा असा नियम २०२५ च्या सप्टेंबरपासून आहे, म्हणजे आधी भारतात यावं लागेल, ते धरून तारखा आखा.

गिल्मन, बोरेन ह्या ज्या मोठ्या स्कॉलरशिप दिसतील त्या अमेरिकन नागरिकांनाच. त्यावर वेळ घालवू नका, कॉलेजच्या स्वतःच्या निधीत बघा.

केपकर

यात भर, साउथ आफ्रिकेचा स्टडी व्हिसा. ॲडमिशनचं पत्र, मेडिकल रिपोर्ट, तिथल्या कायद्याखाली नोंदलेला मेडिकल एड (आरोग्य विमा), आणि पोलीस क्लिअरन्स, १८ वर्षांनंतर ज्या ज्या देशात १२ महिने किंवा जास्त राहिलात त्या प्रत्येकाचा. तुमची लेक अठराव्या वर्षीच अमेरिकेला गेली असेल तर कदाचित फक्त एफबीआयचा पुरेल, वर्षभर भारतात थांबून गेली असेल तर भारताचा पण लागेल. भारतीय पासपोर्टवर जाणाऱ्याने याला भरपूर वेळ ठेवावा, माझ्या ओळखीत एकजण ओरिएंटेशन संपल्यावर पोचला.

सायली_एफसी

मध्येच विचारते, मी पुण्यात टीवायला आहे. इथून काही करता येतं का आफ्रिकेत? की हे सगळं अमेरिकेतल्याच मुलांसाठी?

गोडबोले_सर

सायली, सेमिस्टरपुरतं इथून जाणं अजून तरी कॉलेज-कॉलेजच्या करारावर आहे. यूजीसीचे २०२२ चे नियम आहेत, ट्विनिंगमध्ये (डिग्री इथलीच, थोडा अभ्यास परदेशात) ३० टक्क्यांपर्यंत क्रेडिट परदेशी विद्यापीठातून घेता येतात, पण दोन्हीकडच्या संस्था मानांकनात बसायला हव्यात आणि करार व्हायला हवा, आणि आपली विद्यापीठं करार करतात ती इंग्लंड-ऑस्ट्रेलियाशी. केप टाऊन, विट्स, स्टेलनबॉश या मानांकनात सहज बसतात, विचारणारं कोणी नाही.

तुझ्यासाठी दोन गोष्टी. आयआयटी मद्रासने २०२३ मध्ये झांझिबारला कॅम्पस काढलाय, भारताबाहेरचा पहिला आयआयटी, तिथे डेटा सायन्स आणि एआय आहे, पण ती पूर्ण डिग्री, सेमिस्टर नाही. दुसरं, आफ्रिका विषय म्हणून शिकायचा असेल तर कलिन्याला मुंबई विद्यापीठाचं सेंटर फॉर आफ्रिकन स्टडीज १९७१ पासून आहे, एमए करता येतं. पोरांना त्याचा पत्ताच नसतो. स्वाहिली शिकायची असेल तर झांझिबारची सरकारी युनिव्हर्सिटी परदेशी लोकांसाठी कोर्स घेते, सुट्टीत जाऊन येता येईल, आणि दार-एस-सलाममध्ये आपली गुजराती-मराठी माणसं भरपूर आहेत, राहायची सोय लागते.

अनघा_नाशिक

बाप रे, किती लिहिलंत सगळ्यांनी. लेकीला लिंक पाठवली, तिने रात्रभर वाचलं. फील्ड प्रोग्राम तिने काढून टाकला, वल्लरीमुळे नाही, तिचं म्हणणं तिथल्या मुलांबरोबर बसायचं नसेल तर मी इथेच बरी. वल्लरी, तुझ्या मच्छरदाणीचा किस्सा मात्र मी माझ्या अकरावीच्या वर्गात सांगणार आहे. केप टाऊनच्या जुलै ते नोव्हेंबरवर तिचा जीव होता, पण जामखेड-नावरोंगो वाचल्यावर लेगॉन म्हणतेय. तिचे बाबा अजून केप टाऊनवर आहेत, कारण क्रिकेट.

अक्रावासी ताई, दोन प्रश्न. ती आधी नाशिकला येऊन मग घानाला जाईल, पिवळ्या तापाची लस इथे घेतली तर चालेल का? आणि शाकाहारी आहे, जमेल का?

अक्रावासी

चालेल, पण कोणत्याही दवाखान्यात नाही, सरकारने नेमलेल्या केंद्रातच, मुंबईत एअरपोर्ट हेल्थ ऑर्गनायझेशनचं आहे, आरोग्य मंत्रालयाच्या साइटवर यादी असते. आधी फोन करून वार विचारायचा, रोज देत नाहीत. पासपोर्ट घेऊन जायचं, कार्डावर पासपोर्टप्रमाणेच नाव पाहिजे. लस घेतल्यावर दहा दिवसांनी कार्ड लागू होतं, म्हणजे आदल्या आठवड्यात घेऊन उपयोग नाही. एकदा घेतली की जन्मभर. घानात उतरताना कार्ड बघतात, पण त्याहून कडक आपल्याकडे आहेत, अक्राहून मुंबईला उतरली आणि कार्ड हातात नसेल तर सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइनला टाकतात, कोणाचं ऐकत नाहीत. कार्ड सुटकेसमध्ये टाकायचं नाही, पासपोर्टला लावून ठेवायचं.

शाकाहाराचं, वाके मिळतं, चवळी-भात, आणि तळलेलं पिकलं केळं, पण रश्श्यात सुक्या माशाची पूड असते ती विचारून घ्यावी लागते, "मासा आहे का" विचारलं तर नाही म्हणतात कारण पूड म्हणजे त्यांच्या लेखी मासा नाही. हॉस्टेलला स्वयंपाकाची सोय असलेली खोली माग म्हणावं फॉर्म भरतानाच, नंतर मिळत नाही. कुकर इथे मिळतो, आणू नको. गोडा मसाला आण, माझ्यासाठी पण.